रागाचा थाट आणि रागाची चाल

मैफलींत गवयानें राग सुरू केला न केला तोंच मागें बसलेले एखादे गृहस्थ शेजाऱ्यास हळूच विचारतात, ‘ह्याला मध्यम कोणता?’ हा प्रश्न आपल्या इतका अंगवळणीं पडला आहे कीं, तो फार जुना नाहीं हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. घराणेदार गवयाजवळ राग असे तो चिजांच्या रूपानें. शिष्यास तो मिळे तोही चिजांतूनच, आणि पुष्कळदां वर्षानुवर्षें सेवा केल्यावर.

स्वरांवरून राग ओळखण्याची संवय सुशिक्षित समाजास लावली ती मुख्यतः पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनीं. मुंबईस वाळकेश्वरीं १८६० सालीं जन्मलेला हा वकील गायनोत्तेजक मंडळींत गाणें शिकला आणि पुढें वकिली सोडून जुन्या ग्रंथांच्या व चिजांच्या शोधार्थ देशभर हिंडला. १९०४ सालीं ते दक्षिणेंत गेले. सतराव्या शतकांतील व्यंकटमखीची बहात्तर मेळांची रचना तिकडे प्रतिष्ठा पावलेली होती. त्याच धर्तीवर, परंतु उत्तरेच्या प्रचलित गायनाकडे पाहून, त्यांनीं आपले सारे राग बिलावल, कल्याण, खमाज आदि दहा थाटांत बसविले. एवढ्या विस्कळित संसाराची इतकी सुटसुटीत मांडणी करणें हें सामान्य बुद्धीचें काम नव्हे.

पण हे थाट विद्यार्थ्याच्या हातीं पडले आणि थाट म्हणजेच राग असा एक सोयीस्कर समज पसरला. तो किती फसवा आहे हें पाहावयाचें तर भूप आणि देसकार घ्यावे. दोहोंचे स्वर तेच पांच. मध्यम व निषाद दोहोंतही वर्ज्य. पेटीवर दोन्ही रागांना त्याच पट्ट्या. तरीही भूप गंधारावर विसावतो, सप्तकाच्या पूर्वार्धांत रमतो आणि रात्रीच्या पहिल्या प्रहरीं गाइला जातो. देसकार धैवताकडे झेप घेतो, उत्तरार्धांत वावरतो आणि सकाळीं शोभतो. बरें, कल्याण आणि बिलावल या थाटांत भेद काय तो मध्यमाचा. ज्या रागांना मध्यमच नाहीं त्यांना यांपैकीं कोणता थाट द्यावा, हें स्वरांची यादी कसें सांगणार? पंडितजींनीं भूप कल्याणांत घातला आणि देसकार बिलावलांत. म्हणजे येथें थाटावरून राग ठरला नाहीं. रागाची चाल ऐकून थाट ठरला!

मारवा, पूरिया व सोहनी यांची गोष्ट तर याहून नाजूक. कोमल रिषभ, तीव्र मध्यम, पंचम मुळींच नाहीं, असे तेच सहा स्वर तिघांना. सूर्यास्ताच्या वेळचा मारवा रिषभ-धैवतांना धरून बसतो आणि षड्जाला मुद्दाम टाळतो. त्यामुळें ऐकणाराला घर सांपडत नाहीं अशी हुरहुर लागते. पूरिया मंद्र सप्तकांत उतरून गंधार-निषादांवर स्थिरावतो. सोहनी उत्तररात्रीं तार षड्जाशीं लगट करते. चांगल्या गवयाच्या आलापांत पहिल्या दोन-चार स्वरांतच हे तिघे वेगळे पडतात, कारण कोठें थांबावें, कोणता स्वर ओझरता स्पर्शून सोडावा, कोठें मींड घ्यावी, हें तो गुरूच्या गळ्यांतून शिकलेला असतो.

याबद्दल भातखंड्यांस दोष देणें मात्र अन्यायाचें होईल. त्यांची ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ चार भागांत मराठींत निघाली, ती गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपानें, आणि तींत वादी, अंग, वेळ, जवळच्या रागांपासून बचाव यांचीच चर्चा पानोपानीं आहे. परीक्षेच्या घाईंत आपण थाट पाठ केला, संवाद वाचावयाचा राहिला. ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांत तर त्यांनीं घराण्याघराण्यांतून मिळविलेल्या चिजा स्वरलिपींत छापून ठेविल्या आहेत, आणि रागाची चाल कागदावर जेवढी उतरूं शकते तेवढी त्या चिजांतच उतरली आहे.