शिकताना पडलेले वैमानिक

नागपूरचा सोनेगाव विमानतळ आपणांपैकी पुष्कळांनी पाहिला असेल. दुसऱ्या महायुद्धात तो ब्रिटिश हवाई दलाच्या वापरात होता. पण त्या काळची विमाने चालवणारी तरुण पोरे हे काम शिकली कुठे आणि कशी, हा विचार आपण क्वचितच करतो.

१९३९ साली युद्धाला तोंड लागले, तेव्हा भारतीय हवाई दलाजवळ एकच स्क्वाड्रन, म्हणजे विमानांची एकच तुकडी होती. १९४५ पर्यंत अशा नऊ झाल्या. वैमानिक पुष्कळ हवेत आणि वेळ थोडा! हैदराबादेत बेगमपेठला किंवा जोधपूरला ‘टायगर मॉथ’ या उघड्या विमानावर पोरे हात बसवीत. पुढे गुरू, मागे शिष्य, बोलणे नळीतून. थोड्या तासांच्या सरावानंतर गुरू खाली उतरे नि शिष्य एकटाच वर जाई. वळताना वेग कमी पडला की विमान गरगरत खाली येई. जमीन जवळ असली तर सावरायला सवडच नसे.

हा धोका केवळ नवख्यांनाच होता असे नव्हे. ब्रह्मदेशच्या लढाईत नाव काढलेले करुण कृष्ण मजुमदार १७ फेब्रुवारी १९४५ रोजी लाहोरला गेले, ते विमानकसरतींचा सराव करताना.

लढाईत पडला तो वीर आणि सरावात पडला तो दुर्दैवी, अशी वाटणी आपण करतो. शिक्षकबंधूंनो, वर्गात युद्धाचा धडा घ्याल तेव्हा यांचीही आठवण काढा. घरी तार आली, ती दोघांच्याही आईला सारखीच.