हरीसाच्या हंडीवरची मोहर

मधल्या सुट्टीची घंटा झाली की आमच्या शाळेतील थोडी मुले नळाकडे जातात आणि बाकीची फाटकाकडे धावतात. बाहेर गाडीवर तळलेले पदार्थ, रंगीत सरबत आणि चटकदार पाकिटे मांडलेली असतात. यातली कितीतरी मुले सकाळी न्याहारी न करताच आलेली असतात. एकदा सातवीच्या वर्गात आम्ही खाण्यातील संयमावर बोलत होतो. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहून म्हणाला, "सर, काल स्टाफरूममध्ये तुमच्यासमोरही तेच समोसे होते ना?" वर्ग हसला, आम्हीही हसलो. पण उत्तर आमच्याजवळ नव्हते. ते शोधता शोधता आम्ही इतिहासाकडे वळलो.

'फास्ट फूड' अमेरिकेतून आले, असे आपण सहज म्हणतो. एका अर्थी ते खरेही आहे. १९४८ साली कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो या गावी मॅकडोनाल्ड बंधूंनी आपल्या उपाहारगृहाची यादी मोजक्या पदार्थांवर आणली आणि स्वयंपाकघरात कारखान्यासारखी कामाची विभागणी केली. १९९६ साली हे नाव दिल्ली आणि मुंबईत पोहोचले. पण त्याआधी तीसेक वर्षे दादरला वडापाव विकला जाऊ लागला होता. गिरणीत पाळीवर जाणाऱ्या माणसाला उभ्याउभ्या, कमी पैशांत पोट भरायचे होते. त्यातला 'पाव' हा शब्द तर पोर्तुगिजांकडून आलेला.

आणखी मागे गेलो तर बगदाद, दमास्कस आणि काहिरा येथील बाजार दिसतात. शहरातील गरिबांची घरे लहान आणि जळण महाग. त्यामुळे शिजवलेले अन्न बाजारातून आणणे ही तिथे नेहमीची गोष्ट होती. गहू आणि मांस एकजीव होईपर्यंत शिजवलेला हरीसा, म्हणजे आपल्या हलीमचा पूर्वज, तिथे विकला जाई. तळलेले मासे आणि मसालेदार मांस भरलेली आतडी मिळत. आपल्या जिलेबीचे जुने रूप असलेली जलाबियाही मिळे.

म्हणजे बाजारचे खाणे जुनेच आहे. मात्र त्या बाजारावर एका माणसाची नजर असे. तो म्हणजे मुहतसिब, बाजाराचा निरीक्षक. बाराव्या शतकात शाम देशातील अल्-शैजरी याने मुहतसिबांसाठी एक मार्गदर्शक ग्रंथ लिहिला. त्यातील नियम वाचून आम्ही चकित झालो. कणीक पायाने तुडवू नये. मळणाऱ्याने तोंड झाकावे आणि घाम पिठात पडू नये म्हणून कपाळाला पट्टी बांधावी. हरीसाच्या हंड्यांवर मुहतसिबाने रात्री मोहर लावावी आणि पहाटे ती स्वतःसमोर फोडावी. कारण रात्रीतून हंडीतले मांस काढून घेणारे महाभाग तेव्हाही होतेच!

ही झाली बाजाराची जबाबदारी. खाणाऱ्याची जबाबदारी हकिमांनी सांगितली. अकराव्या शतकात बगदादचा ख्रिस्ती हकीम इब्न बुतलान याने 'तक्वीम अस्-सिहा' या ग्रंथात आरोग्याची माहिती तक्त्यांत मांडली. हवा, खाणेपिणे, हालचाल व विश्रांती, झोप व जागरण, शरीरातील द्रव्यांचे धारण व उत्सर्जन आणि मनाचे भाव, या सहा गोष्टींचा तोल म्हणजे आरोग्य, असा त्याचा पाया होता. पुढे त्याचा लॅटिन अनुवाद होऊन युरोपनेही तो वाचला. इब्न सीनाचा (९८०–१०३७) सल्लाही याच जातीचा : थोडी भूक शिल्लक असतानाच हात आवरावा. पोटाचा एक भाग अन्नाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला, ही पैगंबरांची (स.) शिकवण तर आपल्या घरोघरी माहीत आहे. माहीत आहे, पण रमजानच्या इफ्तारीला भज्यांची परात समोर आली की ती किती आठवते?

आज फरक एवढाच की, जे कधीमधी खायचे ते रोजचे झाले. तेल, साखर आणि मीठ स्वस्त झाले आणि पायी चालणे सुटले. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात मधुमेहाचे सुमारे १० कोटी रुग्ण आहेत. आपल्या मोहल्ल्यात इन्सुलिन घेणारे किती, हे बोटांवर मोजून पाहावे.

आधुनिक मुहतसिबही आहे. भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने पुन्हापुन्हा तापवलेल्या तेलावर २०१८ पासून मर्यादा घातली. अतिचरबी, अतिसाखर व अतिमीठ असलेले पदार्थ शाळेत आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकू नयेत, असा नियम २०२० साली झाला. आमच्या फाटकापासून ती गाडी दहा पावलांवर आहे.

गाडीवाल्याला हाकलून प्रश्न सुटणार नाही. त्याचीही मुले याच शाळेत शिकतात. आम्ही त्याला उकडलेले चणे, शेंगा आणि केळी ठेवायला सांगितले. तो म्हणाला, "सर, आधी तुम्ही घ्या, मग मुले घेतील." त्या दिवसापासून स्टाफरूममध्ये समोशांऐवजी चणे येतात. शुक्रवारी मात्र एखादा समोसा चालतो.

मागच्या बाकावरच्या त्या मुलाला आमचे उत्तर हेच आहे. हंडीवर मोहर मुहतसिब लावील, पण हाताला आवर आपणच घालायचा आहे, आणि तो मोठ्यांनी आधी घालायचा आहे.