जाडीचा हिशेब: सुरतेची आग आणि यानाचे कवच

२४ एप्रिल १८३७ रोजी सुरतेत एका पारशी घरात उकळत्या डांबराचे भांडे कलंडले आणि आग भडकली. ती विझेपर्यंत नऊ हजारांहून अधिक घरे गेली होती. सुरतेला आग नवी नव्हती. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांच्या स्वारीतही शहराचा मोठा भाग जळाला होता. तरीही १८३७ च्या विध्वंसाचा दोष सरसकट लाकडाला देणे मला पटत नाही. घरांचे सांगाडे लाकडी, गल्ल्या अरुंद, दिवस ऐन उन्हाळ्याचे. अशा वस्तीत झटकन पेटतात त्या पातळ फळ्या, कोरीव जाळ्या, छपराच्या रिपा. जाड सागवानी तुळई तशी पेटत नाही. तिच्या पृष्ठभागाचा कोळसा होतो आणि तोच कोळसा उष्णतेला आत शिरताना अडवतो. भर आगीतही कठीण लाकडात ही काळी कड मिनिटाला अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच आत सरकते. अर्ध्या तासात तुळईचा दीडेक सेंटिमीटर थर जातो, तेवढ्यात फळीची राख झालेली असते.

अतिवेगवान यानांच्या उष्णता-कवचाचा इतिहास क्षेपणास्त्रांपासून सांगण्याची रीत आहे; तो जळत्या लाकडापासून सांगायला हवा. १९४६ साली बॅमफर्ड, क्रँक आणि मलान यांनी लाकडाच्या ज्वलनावर निबंध प्रसिद्ध केला. उष्णतावहनाच्या समीकरणाला त्यांनी लाकडाच्या विघटनाचा वेग जोडला, जो तापमानाबरोबर झपाट्याने वाढतो. यानांच्या कार्बन-फिनॉलिक, म्हणजे जळत जाऊन आतल्या भागाला वाचवणाऱ्या, कवचाच्या गणिताचा गाभा हाच आहे: बाहेर कोळसा, मध्ये विघटनाचा पट्टा, आत शाबूत पदार्थ. विघटनात उष्णता खर्ची पडते, आणि सुटलेले वायू कोळशाच्या छिद्रांतून बाहेर येताना त्याला थंड करतात, शिवाय पृष्ठभागालगतच्या तप्त हवेला दूर रेटतात.

यावर कोणी म्हणेल, घराची आग हजारेक अंशांची, परतणाऱ्या यानापुढची हवा कित्येक हजार अंशांची, आणि तिचा झोत कोळसाच खरवडून नेतो. तुलना कशी व्हावी? आक्षेप रास्त आहे. म्हणूनच पृष्ठभाग किती झिजेल, कोळशाचे ऑक्सिडीकरण किती होईल, याची समीकरणे अभियंत्यांना वेगळी मांडावी लागली. पण ती समीकरणे सीमेवरची आहेत. आतला हिशेब तुळईचाच राहिला. चीनने १९७० च्या दशकात पृथ्वीवर उतरवलेल्या उपग्रहांच्या कवचात तर खरोखरच ओकचे लाकूड होते. मग सगळ्या यानाला जळणारेच कवच का देत नाहीत? कारण जाडीबरोबर वजन वाढते. इस्रोची ५५० किलोंची एसआरई-१ कुपी १० जानेवारी २००७ ला अवकाशात गेली आणि २२ जानेवारीला बंगालच्या उपसागरात सुखरूप उतरली. तिच्या नाकावर, जिथे ताप सर्वाधिक, तिथे कार्बन-फिनॉलिक होते. इतरत्र न जळणाऱ्या हलक्या सिलिका फरशा बसवल्या होत्या.