कातडीने दिलेली साक्ष

औषधांचा इतिहास आपण बहुधा प्रयोगशाळेच्या बाजूने वाचतो. फ्लुरोयुरॅसिलच्या कथेत मात्र सर्वांत मोलाची साक्ष रुग्णांच्या कातडीने दिली, असे मला वाटते. मी डॉक्टर नाही. वैद्यकाचा इतिहास वाचण्याच्या नादातून हे मत बनले आहे.

आजार जुनाच. हॅम्बुर्गच्या पाउल उन्ना यांनी १८९४ मध्ये खलाशांच्या उन्हाने रापलेल्या कातडीचा कर्करोगाशी संबंध जोडला. पुढे बोर्दोच्या विल्यम द्युब्रेय यांनी द्राक्षमळ्यांतल्या मजुरांकडे लक्ष वेधले. गोऱ्या कातडीवर वर्षानुवर्षे ऊन पडले की कपाळ, कान, टक्कल, हातांची पाठ इथे खरखरीत चट्टे येतात. त्यांतल्या थोड्यांचाच पुढे कर्करोग होतो. पण कोणत्या चट्ट्याचा होणार, हे आधी सांगता येत नाही.

१९५४ मध्ये असे आढळले की उंदरांच्या यकृतातल्या गाठी युरॅसिल हे द्रव्य निरोगी पेशींपेक्षा जास्त ओढून घेतात. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या चार्ल्स हायडलबर्गर यांनी त्या घासातच खडा घालायचे ठरवले. युरॅसिलमधल्या एका हायड्रोजनच्या जागी फ्लोरिन बसवलेले हे द्रव्य १९५७ मध्ये जगापुढे आले. पेशी ते आपले समजून घेते आणि तिचे डीएनए बनवण्याचे काम अडते.

औषध होते पोटातल्या, स्तनातल्या गाठींसाठी. पण १९६२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या फाल्कसन आणि शुल्ट्झ यांनी वेगळेच टिपले. औषध घेणाऱ्या रुग्णांच्या चेहऱ्यावरचे उन्हाचे चट्टे लालभडक होत आणि मग नाहीसे होत. शेजारची निरोगी कातडी तशीच राही. गाठीवर उपचार करताना चेहऱ्याकडेही पाहिले, म्हणून हे दिसले. मग बफेलोच्या एडमंड क्लाइन यांनी हेच औषध मलमातून वरून लावण्याची पद्धत रुजवली. अमेरिकेत १९७० मध्ये त्याला मान्यता मिळाली आणि १९७२ मध्ये क्लाइन यांना लास्कर पुरस्कार.

पाच टक्क्यांचे हे मलम चट्ट्यांवर दिवसातून दोनदा, दोन ते चार आठवडे लावतात. वरच्या थरातल्या बेसल सेल कर्करोगावरही ते चालते, मात्र जास्त दिवस लावावे लागते. खोल गेलेल्या गाठीपर्यंत ते पोचत नाही, म्हणून निदान आधी पक्के हवे. चेहरा सोलवटतो, आग होते. हे आधी नीट सांगितले नाही, तर औषधच बाधले असे समजून रुग्ण ते मध्येच सोडतो. १९६२ मध्ये जी लाली पुरावा ठरली, तीच घरच्या आरशात भीती ठरते.

कमी दिवसांच्या उपचाराचा मोह म्हणूनच मोठा. शेराच्या कुळातल्या एका रानटी रोपाच्या चिकातून इंजेनॉल आले. काम दोन-तीन दिवसांचे. नेदरलँड्समध्ये ६२४ रुग्णांवर चार उपचारांची तुलना झाली. २०१९ मध्ये निष्कर्ष आला : वर्षानंतर जुने मलम सुमारे ७५ टक्के रुग्णांत टिकले, इंजेनॉल सुमारे २९ टक्क्यांत. पुढच्याच वर्षी, त्याने कातडीचा कर्करोगच वाढत असावा या शंकेने, युरोपातून ते मागे घेण्यात आले.

आपल्याकडे सावळ्या कातडीतले मेलॅनिन बरेच राखते. अल्बिनिझम असलेल्यांना ते कवच नसते. उन्हातान्हात राबणाऱ्या अशा माणसाच्या कानावरचा न जाणारा खरखरीत चट्टा वेळेवर पाहिला जावा, इतके तरी या इतिहासातून घ्यावे.