पद्मिनीचा दाब

आण्णांची प्रीमियर पद्मिनी गेल्या पावसाळ्यात चढावर धापा टाकू लागली. न्यूट्रलला उभी असली तरी थरथरायची. हायवेवरच्या एका गॅरेजवाल्यानं बॉनेट उघडून नुसता कान दिला आणि निकाल सांगितला: इंजिन गेलं, बोअर करा, नाहीतर भंगारात घाला. आण्णा काही बोलले नाहीत. लोणी देवकरला घरी आल्यावर त्यांनी गाडीवर ताडपत्री टाकली.

मला तो निकाल पटला नाही. कान हा पुरावा नव्हे. मी कम्प्रेशन मीटर मागवलं. घड्याळाएवढी चकती, तिला रबरी नळी, नळीच्या टोकाला स्पार्क प्लगसारखे आटे. प्लगच्या जागी ते बसवायचं, इंजिन स्टार्टरवर फिरवायचं आणि पिस्टन सिलिंडरमध्ये हवा किती दाबतो ते काट्यावर वाचायचं.

या चकतीचा जन्म मोटारीच्याही आधीचा. १८४९ साली पॅरिसच्या यूजीन बूर्दोंनं वाकवलेल्या चपट्या नळीचं दाबमापक काढलं. जत्रेत फुंकली की उलगडणारी कागदी पिपाणी असते ना, तेच तत्त्व. आत दाब वाढला की नळी सरळ व्हायला बघते आणि काटा ओढते. ते तेव्हा वाफेच्या कामी आलं. इंजिनात आधी दाबून मग पेटवायचं, ही गोष्ट रुळायला आणखी वेळ लागला. १८६०चं लेन्वारचं गॅस इंजिन न दाबताच पेटवायचं, म्हणून ते इंधन खायचं फार आणि काम करायचं कमी. १८७६ मध्ये ओटोनं चार स्ट्रोकचं इंजिन चालवून दाखवलं. ओढा, दाबा, पेटवा, सोडा. डिझेलनं तर १८९७ पर्यंत इतका दाब साधला की ठिणगीची गरजच उरली नाही.

आमच्याकडच्या जुन्या माणसांना यातलं एकही नाव माहीत नव्हतं, पण दाब मात्र हाताला माहीत होता. किर्लोस्करांचा ऑइल इंजिनचा कारखाना पुण्यात खडकीला १९४६ साली उभा राहिला. विहिरीवरचं तसलं एक सिलिंडरचं इंजिन आण्णांनी तरुणपणी रोज सुरू केलंय. डिकॉम्प्रेशनचा लिव्हर उचलायचा, हँडल गरागरा फिरवायचं, वेग आला की लिव्हर सोडायचा. लिव्हर खाली असताना हँडल दंडाला अडलं पाहिजे. अडलं नाही तर रिंगा झिजल्या किंवा व्हॉल्व्ह बसत नाही, हे त्यांना मीटरशिवाय कळायचं. मला अजूनही हे मीटरपेक्षा भारी वाटतं.

पद्मिनीचं मूळही शोधत गेलं तर आमच्याच तालुक्यात येतं. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी नीरेच्या काठी, कळंबजवळ ऊस, साखर कारखाना आणि त्याभोवती गाव उभं केलं, ते वालचंदनगर. जहाजं, विमानं आणि मोटार हे तिन्ही देशात बनलं पाहिजे, हा त्यांचा हट्ट. १९४४ साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. क्रायस्लरशी करार झाला आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. सुरुवातीला त्या म्हणजे परदेशी भागांची जुळणीच. पुढे फियाटशी हातमिळवणी झाली. वालचंद १९५३ मध्ये गेले. त्याच वर्षी सरकारनं ठरवलं की नुसती जुळणी चालणार नाही, गाडी इथंच बनवायची तयारी हवी. फोर्ड आणि जनरल मोटर्स निघून गेल्या, प्रीमियर राहिली. १९६४ ची फियाट ११०० डिलाइट हीच पुढे १९७४ मध्ये पद्मिनी झाली. तेच १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन नव्वदीतही विकलं जात होतं.

याला लोक कुचंबणा म्हणतात, आणि ती होतीच. स्पर्धा नाही, म्हणून सुधारणा नाही, वर नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची. १९८३ च्या डिसेंबरात मारुती आली आणि चित्र पालटलं. पण त्याच अडलेपणामुळे एकच इंजिन इतकी वर्षं इतक्या हातांतून गेलं की घराच्या अंगणात ते खोलता येतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली, तेव्हा लोकांनी फोटो काढले. आमच्याकडे ती अजून ताडपत्रीखाली होती.

तर मीटर. बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावली. सकाळी इंजिन गरम केलं आणि चारही प्लग काढले, म्हणजे ते मोकळं फिरतं. ठिणगी नको म्हणून कॉइलची मधली वायर काढून अर्थ केली. प्लगच्या भोकांतून पेट्रोलची वाफ बाहेर येते, तिथं खेळ नाही. आण्णांना सीटवर बसवून म्हणाले, "ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरा." तो दाबला नाही तर हवाच आत येत नाही आणि चांगलं इंजिनही खोटं आजारी दिसतं.

"बंद गाडीला कशाला दाबायचं?" म्हणाले, पण दाबला.

प्रत्येकाला पाच-सहा झटके. पहिला १३० पाउंड, दुसरा ८५, तिसरा ८०, चौथा १२५. इथं नुसत्या आकड्यापेक्षा चौघांमधलं अंतर बोलकं असतं. मग दुसऱ्या आणि तिसऱ्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजलं. रिंगा झिजल्या असत्या तर तेलानं फट भरून काटा चांगलाच चढला असता. चढला फक्त पाचेक पाउंड. शेजारचे दोन सिलिंडर एकत्र पडलेत आणि तेलानं फरक नाही. म्हणजे संशय दोघांमधल्या हेड गॅस्केटवर.

आण्णा खाली उतरले, काट्याकडे बघितलं आणि म्हणाले, "अगं, मग बोअर कशाला?"

हेड उघडलं तेव्हा दोन आणि तीनच्या मधली गॅस्केटची पट्टी जळून तुटली होती. सिलिंडरच्या भिंतींवर बोटाला लागेल अशी झीज नव्हती. नवं गॅस्केट पुण्यात नाना पेठेत मिळालं. आण्णा हट्टानं बरोबर आले. दुकानदाराशी डिलाइटपासूनच्या सगळ्या मॉडेलांवर बोलत बसले, आणि मी दाराशी उभी राहून एसटीची वेळ बघत राहिले.