टाकीच्या आतला इतिहास : अमोनिया, मिथेनजनक सूक्ष्मजीव आणि वऱ्हाडातील गोबर गॅस

भारतातील जैववायूचा इतिहास सांगताना १८९७ साली माटुंग्याच्या कुष्ठाश्रमात मैल्यावर चालविलेल्या संयंत्राचा उल्लेख हमखास येतो. पुढे १९३९ च्या सुमारास दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत एस. व्ही. देसाई यांनी केलेले प्रयोग, १९५१ चे जशभाई पटेल यांचे 'ग्रामलक्ष्मी', खादी आयोगाने केलेला त्याचा प्रसार आणि १९८१-८२ चा राष्ट्रीय प्रकल्प असा क्रम लावला जातो. हा सारा इतिहास टाकी, घुमट आणि अनुदान यांचा आहे. टाकीत प्रत्यक्ष राबणाऱ्या सूक्ष्मजीवांना त्यात जागा मिळालेली नाही.

माटुंग्याचा मैला आणि नंतर सार्वत्रिक झालेले शेण यांत मूलभूत भेद आहे. शेणात कार्बन व नत्र यांचे प्रमाण साधारण २५ : १ असते, मैल्यात व कोंबडीखतात ते १० : १ च्या आसपास उतरते. शेणाची निवड ते गोठ्यात आयते मिळते म्हणून झाली, सूक्ष्मजीवांच्या सोयीचा विचार करून नव्हे. मात्र सोय झाली खरी.

नत्र अधिक झाले की अमोनिया वाढतो. त्याचे अमोनियम हे रूप तुलनेने निरुपद्रवी. मुक्त अमोनिया मात्र पेशीपटल भेदून आत शिरतो. सामू ८ असताना २५ अंश तापमानाला एकूण अमोनियापैकी सुमारे ५ टक्के मुक्त असतो, तर ३५ अंशांना तो जवळजवळ दुप्पट होतो. अकोल्याच्या उन्हाळ्यात हा फरक किरकोळ नव्हे. प्रथम कोलमडतात ते ॲसेटिक आम्लापासून मिथेन करणारे जीव, त्यांतही मिथेनोसीटा. मिथेनोसार्सिना अधिक काळ तग धरतो. १९८४ साली झिंडर व कोच यांनी एक वेगळी वाट दाखविली : काही जीवाणू ॲसेटिक आम्लाचे हायड्रोजन व कार्बन डायऑक्साइड करतात आणि दुसरे जीव त्यांपासून मिथेन बनवितात. अमोनिया वाढल्यावर टाकी बहुधा याच वाटेवर जाते. पण ही वाट संथ असल्याने वसाहत बदलण्यास अवधी द्यावा लागतो.

शेण व पाणी समभाग घ्यावे, या जुन्या सूचनेचा अर्थ येथे उलगडतो. पाण्यामुळे रबडी वाहती राहते, तसाच अमोनियाही विरळ होतो. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात गोडे पाणी माणसांनाच मोजून मिळते. तेथे चैत्र-वैशाखात टाकीच्या वाट्याला किती येणार? त्यात गोमूत्र किंवा कोंबडीखत पडले की वायू घटतो, रबडीला उग्र दर्प येतो आणि दोष 'शेतकऱ्याच्या हलगर्जीपणा'वर जातो. प्रस्तुत लेखकाच्या मते बंद पडलेल्या संयंत्रांची पाहणी करताना सामू, तापमान व अमोनिया यांची नोंद घेतल्याविना असा शेरा मारणे अन्यायाचे आहे. कुटार किंवा बारीक केलेली पऱ्हाटी मिसळून कार्बन वाढविता येतो. मात्र पऱ्हाटीतील लिग्निन सहजी कुजत नाही, हे विसरता येत नाही.

टाकीत जो अमोनिया सूक्ष्मजीवांना जाचतो, तोच रबडीतून शेतात गेला की कपाशीचे नत्र होतो. रबडी उघड्यावर वाळविल्यास त्याचा बराच भाग हवेत उडून जातो. म्हणून ती ओलीच मातीत मिसळणे श्रेयस्कर; वऱ्हाडच्या उन्हात तर अधिकच.