बाबासाहेबांचे अश्रू आणि आपल्या पोरांचं मन

"भीमाचा वाघ कधी खचत नाही," असं जयंतीच्या स्टेजवरून आपण सहज बोलून जातो. आमचा या वाक्याला विरोध आहे. ते इतिहासाला धरून नाही आणि आज ते आपल्याच पोरांच्या जिवावर उठतंय.

१९१७ साली बाबासाहेब कोलंबिया आणि लंडनमध्ये शिकून बडोद्यात नोकरीला गेले. जातीमुळे राहायला जागा मिळेना, म्हणून पारशी नाव लावून पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या पारशांनी त्यांना घेरलं, संध्याकाळच्या आत निघून जा म्हणून धमकावलं. ते गेल्यावर बाबासाहेब रडले. मुंबईची गाडी येईपर्यंतचे पाच तास त्यांनी कामाठी बागेत बसून काढले. तो प्रसंग आठवला की डोळ्यांत पाणी येतं, असं त्यांनी अठरा वर्षांनंतर स्वतः लिहून ठेवलंय. तोवर ते गोलमेज परिषद गाजवून आले होते. जातीची जखम पदवीने किंवा पदाने भरत नाही, याचा यापेक्षा मोठा पुरावा कोणता?

हीच जखम अमेरिकेत केनेथ आणि मॅमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ जोडप्याने मोजून दाखवली. त्यांनी लहान काळ्या मुलांपुढे काळी आणि गोरी बाहुली ठेवली. बहुतेकांनी गोरीला चांगली म्हटलं. १९५४ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने वर्णावरून वेगळ्या ठेवलेल्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरवल्या, तेव्हा अशा वेगळेपणाने मुलांच्या मनात कमीपणा रुजतो हे मान्य केलं.

आपल्याकडे कमीपणा नावापासूनच सुरू होई. शूद्राचं नाव तुच्छतादर्शक असावं, असं मनुस्मृती सांगते. आपल्या पणजोबांची नावं आठवा : कचरू, धोंडू, दगडू. दृष्ट लागू नये म्हणून इतर जातींतही अशी नावं ठेवत, असं कुणी म्हणेल. खरं आहे. पण वरच्या जातीतल्या कचरूला 'कचरूशेठ' व्हायची वाट मोकळी होती. आपला कचरू म्हातारा झाला तरी गावासाठी 'कचऱ्या'च राहिला.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात हे उलटलं. बावीस प्रतिज्ञांत माझा नवा जन्म होत आहे, असंही म्हटलंय. त्यानंतर घराघरांत सिद्धार्थ, मिलिंद, सुजाता जन्मले. धम्मक्रांती ही मनावरच्या उपचाराचीही चळवळ होती, असं आम्ही मानतो.

मग आज पोरं का खचतात? कारण आपण बदललो, संस्था बदलल्या नाहीत. युजीसीने २०१२ मध्ये भेदभावविरोधी नियम केले. तरी २०१६ मध्ये हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला गेला, २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. पायल आपल्याच सातपुड्याच्या पट्ट्यातली, खानदेशातल्या जळगावची आदिवासी मुलगी. वरिष्ठ डॉक्टरांनी जातीवरून छळल्याचा तिच्या कुटुंबाचा आरोप आहे.

आपल्या जळगाव जामोद तालुक्यातूनही पोरंपोरी पुण्या-मुंबईला, नागपूरला शिकायला जातात. तिथे आडनाव विचारलं जातं, कोट्यावरून टोमणे बसतात. ते घरी सांगत नाहीत, कारण वाघाने रडायचं नसतं असं आपणच शिकवलंय.

म्हणून दोन कामं करू. संस्थांना नियमांचा जाब विचारू. आणि विहारात आठवड्यातून एकदा पोरांचं नुसतं ऐकून घेऊ. गरज पडली तर डॉक्टरकडे सोबत जाऊ. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी फोन नंबर विहाराच्या भिंतीवर लिहू.

बाबासाहेब रडले, म्हणून ते लहान झाले नाहीत. आपली पोरंही होणार नाहीत.

जयभीम!